किमान एक मुलगा

प्रश्न : आमच्या स्टाफरूममध्ये एका कोड्यावरून दोन तट पडले आहेत. कोडं असं : एका गृहस्थांना दोन अपत्यं आहेत. त्यांपैकी किमान एक मुलगा आहे. तर दोन्ही मुलगेच असण्याची संभाव्यता किती? गणिताचे सर म्हणतात १/३. इतिहासाच्या बाई म्हणतात, एकाचं कळलं, दुसऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? दुसरं एकतर मुलगा नाहीतर मुलगी, म्हणजे १/२. मी विज्ञान शिकवतो आणि जो बोलत असेल त्याचं मला पटतं, ही माझी अडचण. हरणाऱ्याने सगळ्या स्टाफला मिसळ द्यायची ठरली आहे. त्यात चित्रकलेच्या सरांनी मोबाइलवरून नवीनच काढलं : ‘किमान एक मुलगा मंगळवारी जन्मलेला आहे’ असं म्हटलं की उत्तर १३/२७ होतं म्हणे. वाराचा यात काय संबंध? — एक शिक्षक, जि. सांगली

उत्तर : मिसळीचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत. सरांचा हिशोब बरोबर आहे, बाईंचाही बरोबर आहे, आणि कोडं अर्धवट आहे. किमान एक मुलगा आहे हे आपल्याला कळलं, पण कसं कळलं? कोणी विचारलं, काय विचारलं, की त्या गृहस्थांनी आपणहून सांगितलं? याबद्दल कोड्यात अवाक्षर नाही. ती रिकामी जागा सर एका तऱ्हेने भरतात, बाई दुसऱ्या तऱ्हेने, आणि आपण काही भरलं याची दोघांनाही दाद नसते. मग समोरच्याला साधी बेरीज येत नाही असं वाटू लागतं आणि आवाज चढतो.

दहावीच्या पुस्तकातल्यासारखा नमुना अवकाश मांडू. तूर्त धरून चालू की मुलगा आणि मुलगी होण्याची शक्यता समान आहे. (हे तितकंसं खरं नाही, त्याकडे शेवटी येतो.) दोन अपत्यं असलेली ४०० घरं घ्या. मोठं आणि धाकटं या क्रमाने पाहिलं तर १०० घरांत मुलगा-मुलगा, १०० घरांत मुलगा-मुलगी, १०० घरांत मुलगी-मुलगा आणि १०० घरांत मुलगी-मुलगी.

सरांच्या डोक्यात जनगणनेचा प्रगणक आहे. तो चारशेही दारं वाजवतो आणि प्रत्येक घरी एकच ठरलेला प्रश्न विचारतो : तुम्हाला किमान एक मुलगा आहे का? ३०० घरांतून ‘हो’ येतं. त्यातल्या १०० घरांत दोन्ही मुलगे. म्हणून १/३. यात खोट काढायला जागा नाही.

बाईंच्या डोक्यात एसटीतला शेजारी आहे. गप्पा निघतात, आपल्याला दोन अपत्यं आहेत हे तो सांगतो आणि मग म्हणतो, “पोराची यंदा दहावी आहे.” दोघांपैकी कोणाचा विषय निघेल हे योगायोगावर. आता पुन्हा मोजा. दोन मुलगेवाल्या शंभर जणांपैकी शंभरही जण मुलाबद्दलच बोलणार, दुसरा पर्यायच नाही. एक मुलगा, एक मुलगी असलेले २०० जण आहेत. त्यातले निम्मे, म्हणजे १००, मुलाचा विषय काढतील आणि निम्मे मुलीचा. तेव्हा मुलाबद्दल बोलणारे एकूण २००, त्यात दोन मुलगेवाले १००. उत्तर १/२. यातही खोट नाही.

फरक पडला तो एक मुलगा, एक मुलगी असलेल्या त्या दोनशे घरांमुळे. प्रगणकाने ती सगळी आत घेतली, एसटीने निम्मीच घेतली. आणि इथेच का थांबायचं? मुलगा असेल तर त्याच्याशिवाय दुसरं काही न बोलणारे बाप आपल्याकडे भरपूर आहेत. सगळे शेजारी तसलेच असते, तर दोनशेच्या दोनशे जण मुलाचंच सांगतील आणि उत्तर पुन्हा १/३ होईल. उलट लेक असेल तर आधी तिचंच कौतुक करणारा बाप घ्या. अशा माणसाच्या तोंडून मुलाचं नाव निघालं, तर त्याला मुलगी नाहीच. उत्तर थेट १! वाक्य तेच, घर तेच, आणि उत्तर १/३ पासून १ पर्यंत कुठेही जाऊ शकतं, फक्त बोलणाऱ्याची सवय बदलली म्हणून.

गणिताच्या सरांना हे पचणार नाही. ते म्हणतील, माहिती ती माहिती. मुलगी-मुलगी ही जोडी बाद झाली, उरल्या तीन, विषय संपला. त्यांच्यासाठी एक युक्तिवाद आहे. तो मला या साऱ्या प्रकरणातला सगळ्यांत सुंदर भाग वाटतो, त्यामुळे जरा सावकाश जाऊ.

समजा, ‘किमान एक मुलगा’ हे कोणत्याही मार्गाने कळलं तरी उत्तर १/३ च. मग न्यायाने ‘किमान एक मुलगी’ हे कळल्यावर दोन्ही मुली असण्याची संभाव्यताही १/३ च हवी. आता दोन अपत्यांचा कोणीही पालक समोर बसवा आणि त्याला आपल्या एका अपत्याबद्दल सांगायला लावा. तो ‘मुलगा’ म्हणेल किंवा ‘मुलगी’ म्हणेल, तिसरं काही म्हणू शकत नाही. ‘मुलगा’ म्हणाला तर दोन्ही अपत्यं एकाच लिंगाची असण्याची संभाव्यता १/३. ‘मुलगी’ म्हणाला तरी १/३. म्हणजे तो काय म्हणाला हे ऐकायचीही गरज नाही. कानात बोळे घालून बसलो तरी १/३! पण तो तोंड उघडण्याआधी हीच संभाव्यता १/२ होती, कारण चारशेपैकी दोनशे घरांत जोडी एकसारखी आहे. न ऐकलेल्या वाक्याने १/२ चे १/३ कसे झाले? होऊ शकत नाहीत. तेव्हा मूळचं गृहीतच चुकलं. या धाटणीचा युक्तिवाद जुना आहे. फ्रेंच गणिती जोझेफ बर्त्राँ यांनी १८८९ साली तीन पेट्या आणि सोन्याचांदीच्या नाण्यांच्या कोड्यात तो वापरला होता.

तुमचं कोडं मात्र मार्टिन गार्डनर यांनी प्रसिद्ध केलं. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या ‘मॅथेमॅटिकल गेम्स’ या त्यांच्या सदरात मे १९५९ मध्ये ते आलं. त्यात दोन गृहस्थ होते. जोन्स यांचं मोठं अपत्य मुलगी आहे, तर दोन्ही मुली असण्याची संभाव्यता किती? आणि स्मिथ यांच्या अपत्यांपैकी किमान एक मुलगा आहे, तर दोन्ही मुलगे असण्याची किती? गार्डनर यांची उत्तरं अनुक्रमे १/२ आणि १/३. पुढे त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सदरात त्यांनी मान्य केलं की स्मिथ यांचा प्रश्न संदिग्ध आहे आणि माहिती कोणत्या रीतीने मिळाली हे सांगितल्याशिवाय त्याला उत्तर नाही. म्हणजे तुमच्या स्टाफरूममधला वाद कोडं पहिल्यांदा गाजलं त्याच वर्षी, खुद्द ते मांडणाऱ्यानेच मिटवला होता. तरी तो अजून चालू आहे, कारण कोडं पसरतं आणि खुलासा मागे राहतो.

आता बाईंकडे वळू, कारण त्यांचीही सुटका इतकी सोपी नाही. ‘दुसरं अपत्य’ हा शब्दप्रयोग त्या सहज करतात. पण दुसरं म्हणजे कोणतं? एसटीतल्या शेजाऱ्याने एका ठरावीक मुलाकडे बोट दाखवलं होतं, दहावीतल्या. तो सोडून जे उरलं ते दुसरं. तिथे बाईंचं म्हणणं लागू पडतं. प्रगणकाच्या ‘हो’मध्ये मात्र कोणाकडेच बोट नाही. ते ‘हो’ थोरल्यामुळे आलं असेल, धाकट्यामुळे आलं असेल, दोघांमुळेही आलं असेल. जिथे पहिलंच ठरलेलं नाही तिथे दुसऱ्याबद्दल काही बोलताच येत नाही. बोलता येतं ते फक्त जोडीबद्दल. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही हे बाईंचं वाक्य शंभर टक्के खरं आहे, फक्त सरांच्या प्रश्नात ते वापरायला हाताशी एकही ‘एक’ नाही.

शिक्षक मंडळी म्हणतील, कशाला वाद, वर्गातच मोजू. जरूर मोजा, पण जपून. सगळ्या मुलग्यांना उभं करून ‘ज्यांना एकच भावंड आहे त्यांनी हात वर करा, त्यातल्या भाऊवाल्यांनी वरच ठेवा’ असं केलंत तर उत्तर १/२ च्या आसपास येईल आणि बाई जिंकल्याचा जल्लोष होईल. पण तुम्ही घरं मोजली नाहीत, मुलगे मोजलेत. आपल्या चारशे घरांत एकूण मुलगे ४०० आहेत आणि त्यातल्या २०० जणांना भाऊ आहे. दोन मुलगेवालं घर इथे दोनदा मोजलं गेलं. सरांचा प्रश्न तपासायचा तर पालकसभेला घरटी एकच चिठ्ठी भरून घ्यावी लागेल.

अमेरिकेत असं मोजून झालंही आहे. ‘परेड’ या रविवार पुरवणीत मॅरिलिन व्होस सावंत वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. (आडनावावर जाऊ नका, त्या कोकणातल्या नाहीत.) हे कोडं त्यांच्याही सदरात आलं, त्यांनी १/३ असं उत्तर दिलं आणि तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा त्यांनी वाचक महिलांना आवाहन केलं : ज्यांना नेमकी दोनच अपत्यं आहेत आणि त्यात किमान एक मुलगा आहे, त्यांनी दोघांचं लिंग कळवावं. जवळजवळ १८,००० उत्तरं आली. त्यात दोन्ही मुलगे असलेल्या ३५.९ टक्के निघाल्या. एक तृतीयांशाहून किंचित जास्त. बऱ्याच ठिकाणी हा वादाचा शेवट म्हणून सांगतात. मला तसं वाटत नाही. ‘किमान एक मुलगा’ ही चाळणी व्होस सावंत यांनी आवाहनातच लावली होती. प्रगणकाचा प्रश्न विचारल्यावर प्रगणकाचंच उत्तर येणार. शेजाऱ्याचा प्रश्न त्यात तपासलाच गेला नाही.

आता मंगळवार. हे वळण २०१० चं. गार्डनर यांच्या चाहत्यांचं एक संमेलन अमेरिकेत अटलांटाला भरतं. तिथे गॅरी फॉशी यांनी उभं राहून सांगितलं : मला दोन अपत्यं आहेत, त्यातला एक मंगळवारी जन्मलेला मुलगा आहे, दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता किती? आणि पुढे म्हणाले, तुमच्या मनात पहिल्यांदा येईल, मंगळवारचा काय संबंध? अगदी तुमच्या पत्रातलाच प्रश्न.

संबंध प्रगणकाच्या खेळात आहे. मुलगा की मुलगी आणि सातांपैकी कोणता वार, असे प्रत्येक अपत्याचे १४ प्रकार. दोघांचे मिळून १४ गुणिले १४, म्हणजे १९६ प्रकार. प्रगणक विचारतो, मंगळवारी जन्मलेला किमान एक मुलगा आहे का? थोरला तसा असेल असे १४ प्रकार, धाकटा तसा असेल असे १४. दोघेही तसेच, हा प्रकार दोनदा मोजला गेला म्हणून एक वजा. एकूण २७. त्यातले दोन्ही मुलगे असलेले ७ अधिक ७ वजा १, म्हणजे १३. उत्तर १३/२७, जवळजवळ निम्मं.

आकडेमोड पटते, तरी मन मानत नाही. असं बघा. दोन मुलगेवाल्या घराकडे मंगळवारची अट पुरी करायच्या दोन संधी आहेत, एक मुलगेवाल्या घराकडे एकच. म्हणजे दोन मुलगेवालं घर चाळणीत राहण्याची शक्यता जवळजवळ दुप्पट. ‘जवळजवळ’ का, तर कधीकधी दोन्ही मुलगे मंगळवारचे निघतात आणि एक संधी फुकट जाते. नुसतं ‘मुलगा’ एवढीच अट असते तेव्हा दुसरी संधी कायमच फुकट जाते, म्हणून १/३. अट जितकी दुर्मीळ, तितकी फुकट जाणारी संधी कमी. वाराऐवजी वर्षातली एखादी ठरावीक तारीख घातली आणि वर्ष ३६५ दिवसांचं धरलं, तर उत्तर ७२९/१४५९ येतं, म्हणजे निम्म्याला केसभर कमी. आणि ‘थोरला मुलगा आहे’ ही अट तर एका घरात दोघांना लागूच पडू शकत नाही, म्हणून तिथे नेमकं १/२. गार्डनर यांचे जोन्स आणि स्मिथ ही याच रस्त्याची दोन टोकं, आणि मंगळवार मधला थांबा. एसटीतला शेजारी मात्र सहज बोलता बोलता म्हणाला, “माझा पोरगा मंगळवारचा,” तर उत्तर १/२ च राहतं. पोरगा बुधवारचा असता तर त्याने बुधवार सांगितला असता. चित्रकलेच्या सरांना विचारा, मंगळवार आधी ठरवून घरं शोधलीत, की घर गाठून मग वार विचारलात?

तीन दारं आणि मोटारीचं कोडं तुम्हाला ठाऊक असेलच, सप्टेंबर १९९० मध्ये व्होस सावंत यांच्याच सदरातून गाजलेलं. एका दाराआड मोटार, दोघांआड बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, सूत्रसंचालक उरलेल्यातलं बकरीचं दार उघडतो आणि विचारतो, बदलणार का? बदला, मोटार मिळण्याची संभाव्यता २/३ होते, असं व्होस सावंत यांनी लिहिलं आणि सुमारे दहा हजार पत्रं आली. जवळजवळ हजार पत्रांखाली पीएच.डी.वाल्यांच्या सह्या होत्या. ते भावंडांच्या कोड्याचंच चुलत भावंड. सूत्रसंचालकाला मोटार कुठे आहे हे माहीत असेल आणि त्याने दर वेळी मुद्दाम बकरीचंच दार उघडायचं असेल, तर २/३. त्याने डोळे मिटून एक दार उघडलं आणि नशिबाने बकरी निघाली, तर १/२. समोर दिसतं ते एकच : उघडं दार आणि बकरी. १९९१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा वार्ताहर कोडं ज्यावर बेतलं होतं त्या खऱ्या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालकाकडे, मॉन्टी हॉल यांच्याकडे गेला, तेव्हा त्यांनी घरीच खेळ मांडून दाखवला की आपण मोटार निवडलेल्या माणसालाच ‘बदलता का?’ असं विचारलं, तर बदलणारा प्रत्येक जण बुडेल. मुलाशिवाय दुसरं काही न बोलणाऱ्या बापासारखीच ही बोलणाऱ्याची सवय, फक्त इथे पणाला मोटार आहे.

आता सुरुवातीला उधार ठेवलेलं. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. हा फरक किरकोळ आहे. मोठा फरक आहे तो आपल्याकडच्या घरांचा. वर आपण धरून चाललो की दोन अपत्यं होणं आणि ती मुलगा की मुलगी असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. पण ‘मुलगा झाला, आता ऑपरेशन करून टाका’ हे वाक्य ऐकलं नसेल असा मराठी माणूस विरळा. अशी ४०० जोडपी घ्या जी पहिला मुलगा झाला की थांबतात, मुलगी झाली तर आणखी एकदा बघतात आणि मग काहीही होवो, थांबतात. त्यांच्यात दोन अपत्यं असलेल्या प्रत्येक घरात थोरली मुलगीच असणार. तिथे ‘दोन अपत्यं, किमान एक मुलगा’ हे कळलं की दोन्ही मुलगे असण्याची संभाव्यता १/३ नाही, १/२ ही नाही. ती शून्य आहे.

सगळी घरं इतकी टोकाची नसतात, पण कल दिसतो. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणीने (त्या वर्षी तिचं मुखपृष्ठ मुद्दाम गुलाबी होतं) शेवटच्या अपत्याचं लिंग मोजलं होतं. पहिल्याच अपत्यावर थांबलेल्या घरांत दर मुलीमागे १.८२ मुलगे निघाले. नेमकी दोन अपत्यं असलेल्या घरांत दुसऱ्या अपत्यात हे प्रमाण १.५५. नैसर्गिक प्रमाण १.०५ आहे, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचा.

गंमत अशी की नुसत्या थांबण्याच्या नियमाने समाजातलं मुलींचं प्रमाण घटत नाही. मोजून बघा : ४०० जोडप्यांपैकी २०० जणांना मुलगा होतो, ते थांबतात. २०० जणांना मुलगी होते. ते पुढे जातात आणि त्यांना १०० मुलगे, १०० मुली होतात. एकूण ३०० मुलगे, ३०० मुली. २०११ च्या जनगणनेत मात्र महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४, आणि त्याआधी २००१ मध्ये ९१३. नैसर्गिक प्रमाणाने त्या साडेनऊशेच्या आसपास हव्या होत्या. ही तूट थांबण्यातून आलेली नाही, गर्भलिंगनिदानातून आली, ज्यावर बंधन घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानेच केला होता, १९८८ साली.